आईला शॉक द्यायचे म्हणतात. तिला सोडून सगळ्यांशी बोलून झालंय

अर्धविराम
आई ६३ वर्षांची. गेले आठ महिने डिप्रेशन. दोन औषधं पुऱ्या डोसमध्ये, पुरेसा वेळ देऊन झाली, तिसरं चालू आहे. महिन्याभरात जेवण जवळपास बंद झालंय, वजन नऊ किलोंनी उतरलंय, आणि "माझ्यामुळे तुमचं वाटोळं झालं, माझं आतडं कुजलंय" असं ती ठामपणे सांगते. डॉक्टरांनी काल ईसीटी सुचवली. म्हणजे शॉक.

बाबा उठूनच गेले. धाकटा भाऊ म्हणतो, उद्याच सुरू करा. मावशीचं म्हणणं, तिला सांगूच नका, सलाईन लावायचंय म्हणा, नाहीतर ती हात लावू द्यायची नाही. मी रात्रभर वाचत बसले. सकाळपर्यंत मला दोन्ही बाजू पटल्या होत्या, म्हणजे उपयोग शून्य.

ज्यांनी स्वतः घेतलेत किंवा घरी कुणाला दिलेत त्यांना विचारतेय. खरंच काय होतं? आठवणी जातात का? आणि आईला सांगायचं की नाही? "डॉक्टरांना विचारा" असं कृपया लिहू नका, त्यांना विचारूनच इथे आलेय.

मधली_सुट्टी
डॉक्टरांना वि... बरं, राहिलं.
(माफ करा. आईंना लवकर बरं वाटो. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.)

शेवटचा_बाक
माझ्या काकांना फार वर्षांपूर्वी दिले होते. चार जणांनी धरलं होतं, भूलबिल काही नाही. मी शाळकरी, दाराबाहेर उभा. आतून आलेला आवाज अजून विसरलो नाही. काका नंतर कधी नीट बोललेच नाहीत. मी माझ्या माणसाला देऊ देणार नाही. बाकी तुमची मर्जी.

निवृत्त_भूलवाला
@शेवटचा_बाक, तुम्ही पाहिलंत ते तसंच व्हायचं, नाकारत नाही. स्नायू सैल न करता शॉक दिला की अख्खं अंग झटके खातं. त्यात दात तुटायचे, मणके मोडायचे. स्नायू सैल करण्यासाठी कुरारे १९४० मध्येच वापरून झालं होतं, १९५० च्या दशकात सक्सिनिलकोलीन आलं. तरी भूलतज्ज्ञ नाही, वेळ नाही, अशा सबबींवर बिनभुलीचे शॉक कितीतरी ठिकाणी पुढेही चालू राहिले. ही आमच्या धंद्याला लाज आणणारी गोष्ट आहे. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर त्यांवर सरळ बंदीच घातली.

आता काय होतं ते सांगतो. बरीच वर्षं मी त्या टेबलाच्या डोक्याकडच्या बाजूला उभा राहिलोय.

रुग्ण रात्रीपासून उपाशी. पोटात काही असताना भूल दिली तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. (कुणीतरी मायेनं घोटभर दूध पाजतं आणि त्या दिवसाचं सगळं रद्द होतं. हे मी इतक्यांदा पाहिलंय की काय सांगू.) कवळी असेल तर काढायची. हाताला सुई, बोटाला चिमटा, छातीवर ईसीजी, कपाळावर मेंदूच्या लहरी टिपणाऱ्या पट्ट्या. नसेतून भूल दिली की माणूस मिनिटाच्या आत झोपतो. मग एका घोट्यावर बीपीचा पट्टा आवळून फुगवायचा आणि त्यानंतरच स्नायू सैल करणारं औषध द्यायचं. त्यामुळे ते औषध त्या पावलापर्यंत पोचत नाही. दात-जीभ जपायला तोंडात रबरी ठोकळा, मास्कनं ऑक्सिजन, आणि बटण. करंट जातो तो फार तर आठ सेकंद. आकडी (फिट) साधारण २० ते ६० सेकंद चालते आणि ती दिसते फक्त त्या एका पावलात, बाकी अंग निपचित. पाच-दहा मिनिटांत रुग्ण आपला आपण श्वास घेतो, मग हळूहळू डोळे उघडतो आणि बहुतेक वेळा विचारतो, "कधी देणार?"

नवशिके विद्यार्थी बघून हिरमुसायचे. "एवढंच?"

अर्धविराम
पावलाचं कुठेच वाचलं नव्हतं. धन्यवाद. धोका किती असतो हो? भुलीचा, हृदयाचा?

निवृत्त_भूलवाला
२०१७ मध्ये अनेक देशांतल्या नोंदी एकत्र करून काढलेला आकडा आहे: १ लाख सिटिंगमागे सुमारे २ मृत्यू. लहानसहान शस्त्रक्रियेच्या भुलीइतकाच धोका म्हणा. पण नुकताच हृदयविकाराचा झटका आलेला असेल, मेंदूत गाठ असेल किंवा कवटीतला दाब वाढलेला असेल तर गणित बदलतं. आईंचा ईसीजी, रक्ततपासण्या झाल्यात ना? आणि चालू गोळ्यांची पूर्ण यादी द्या, झोपेची गोळी धरून. झोपेच्या आणि फिटच्या गोळ्या आकडी येऊ देत नाहीत, मग करंट वाढवावा लागतो. लिथियम (मूड स्थिर ठेवणारं औषध) असेल तर तेही सांगा, त्यानं नंतरचा गोंधळ वाढू शकतो.

दीडशहाणी
मुळात "शॉक" या शब्दानंच निम्मा घोटाळा केलाय. उपचार आकडीचा आहे, विजेचा नाही. वीज ही आकडी आणायची सोय. १९३४ मध्ये बुडापेस्टच्या मेदुना या डॉक्टरनं वीज न वापरताच आकडी आणून दाखवली होती, आणि कशानं? कापराच्या इंजेक्शननं! पुढे मेट्राझोल हे औषध वापरू लागले. ते टोचल्यावर आकडी येईपर्यंत रुग्णाला आता आपण मरणार असं वाटायचं, म्हणून दुसरा मार्ग शोधत होते. १९३८ मध्ये रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी या डॉक्टरांनी वीज वापरली. त्यात माणूस क्षणात बेशुद्ध होत असल्यानं ती जास्त दयाळू वाटली.

चेर्लेत्तीला धीर आला तो कत्तलखान्यात. तिथे डुकरांना विजेनं बधिर करून मग मारत, आणि त्याच्या लक्षात आलं की डुकरं विजेनं मरत नाहीयेत.

मधली_सुट्टी
शेवटचा परिच्छेद बाबांना वाचून दाखवू नका.

बाकी दीडशहाणीताई, रुग्णालयावर "विद्युत आकडी विभाग" अशी पाटी लावली तर लोक समजतील की खांबावर आकडा टाकून फुकटात वीज घेतायत.

दीडशहाणी
:) त्यापेक्षा "ईसीटी"च बरं.

पण गमतीत एक राहिलं. रोमचा तो पहिला रुग्ण रेल्वे स्टेशनवर भटकताना सापडलेला होता. पहिला करंट कमी पडला, आकडी आली नाही, आणि पुन्हा देणार म्हटल्यावर त्यानं विरोध केला, असं चेर्लेत्तीनंच लिहून ठेवलंय. तरीही दिला. म्हणजे "रुग्णाला विचारायचं का" हा प्रश्न पहिल्या दिवसापासूनचा आहे.

पुराव्यानिशी
इथे सगळं गोडगोड चाललंय म्हणून दुसरी बाजू. २००३ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये रुग्णांच्याच अनुभवांचा आढावा आला होता. तो करणाऱ्यांत स्वतः ईसीटी घेतलेले संशोधकही होते. कायमच्या स्मृतिनाशाची तक्रार करणाऱ्यांचं प्रमाण वेगवेगळ्या पाहण्यांत २९ ते ५५ टक्के निघालं. हे सही घेताना किती जण सांगतात?

दुसरं, खोट्या ईसीटीशी, म्हणजे भूल द्यायची पण करंट नाही, अशी तुलना करणारे प्रयोग जुने आणि लहान आहेत, १९८५ नंतर नवे झालेले नाहीत. २०१९ मध्ये रीड, कर्श आणि मॅकग्रा या संशोधकांनी त्यांच्या दर्जावर कडक टीका केली होती.

अर्धविराम, देऊ नका म्हणत नाही. पण "काही होत नाही" असं कुणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका.

निवृत्त_भूलवाला
टीका वाचलीय. तिला उत्तर देणारेही पुष्कळ आहेत, इथे ते सगळं काढलं तर धागा दहा पानं जाईल. २०१० मध्ये ८४ अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा चाचण्यांमधला बिघाड मुख्यतः पहिल्या तीन दिवसांत दिसला आणि पंधरा दिवसांनी बरेचसे गुण उपचाराआधीपेक्षा चांगले आले.

पुराव्यानिशी
त्या चाचण्या शब्दांची यादी पाठ करायला लावतात. "आपण तिथे गेलो होतो ते आठवतं का" असं विचारत नाहीत. भांडण तिथेच आहे.

खिडकीपाशी
इथे सहसा फक्त वाचते. पण हे "चाचण्या विरुद्ध तक्रारी" वाचून राहवलं नाही, कारण मी दोन्हीकडे आहे. चाचणीत पास आणि तक्रार कायम.

सहा वर्षांपूर्वी मला नऊ सिटिंग दिली. आठवड्यातून तीन. त्याआधी मी मरायची तयारी केली होती, तपशील नको. चौथ्या सिटिंगनंतर एका सकाळी डोकं दुखत होतं (दर वेळी दुखायचं, जबडाही), आणि मला त्या डोकेदुखीचा वैताग आला. वैताग! कितीतरी महिन्यांनी मला कशाचं तरी काहीतरी वाटलं होतं.

आता दुसरी बाजू. त्याच सुमारास आम्ही घर बदललं होतं. उपचारांआधीचे साधारण तीन महिने आणि उपचारांचे दिवस माझ्यापाशी नाहीत. पुसट आहेत असं नाही, नाहीतच. एकदा नवऱ्याला विचारलं, "हे पडदे असले कुणी निवडले?" तो म्हणाला, "तू. दुकानात दीड तास घालवून." पडदे अजून तेच आहेत. मला अजून आवडत नाहीत.

हसून सांगतेय, पण पहिलं वर्ष रडण्यात गेलं. आणि रडू आठवणी गेल्या म्हणून कमी, मला कुणी सांगितलंच नव्हतं म्हणून जास्त. घरच्यांना म्हणे सांगितलं होतं, "थोडं विसरायला होईल." त्यांना वाटलं, ही आधीच घाबरलेली, कशाला भर घाला. मला म्हणाले, "झोपेचं इंजेक्शन आहे." मग मी फायलीत वाचलं. तेव्हापासून दोन वर्षं मी घरातल्या कुणाच्या हातची गोळी पाकीट बघितल्याशिवाय घेतली नाही.

अर्धविराम, तुमच्या मावशींना हे वाचायला द्या.

आज कुणी विचारलं, पुन्हा घेशील का? घेईन. पण आधी मला विचारा.

शेवटचा_बाक
@खिडकीपाशी, वाचलं. दोनदा.

मधली_सुट्टी
आज विनोद नाही. पडदे बदला मात्र.

खिडकीपाशी
नवऱ्याला आवडतात हो. आणि निवडले मीच, तक्रार कुणाकडे करू?

सांजवेळ
मी रुग्णाची बायको म्हणून लिहिते. ह्यांना कॅटाटोनिया झाला होता. मला तेव्हा हा शब्दही माहीत नव्हता. चमचा हातात धरून तसेच बसायचे, हात उचलून ठेवला तर तिथेच राहायचा. अकरा दिवस एक शब्द नाही. आधी लोराझेपामची इंजेक्शनं दिली, थोडं हलले, पुन्हा तेच. मग ईसीटी. तिसऱ्या सिटिंगनंतर म्हणाले, "किती वाजले?" मी रडतेय आणि ते परत विचारतायत, किती वाजले, कुणी सांगेना म्हणून चिडलेले.

पण मला सांगायचंय ते पुढचं. आम्हाला वाटलं, संपलं. गोळ्या दोन महिन्यांनी बंद केल्या, कुणाला न विचारता. पाचव्या महिन्यात सगळं पुन्हा. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी कागदावर आकडे काढून दाखवले. २००१ चा अमेरिकन अभ्यास होता, डिप्रेशनचा. ईसीटीनं बरे झालेल्यांना नंतर नुसत्या खोट्या, म्हणजे औषध नसलेल्या गोळ्या दिल्या तर सहा महिन्यांत ८४ टक्के पुन्हा आजारी. नॉरट्रिप्टिलीन ही डिप्रेशनची गोळी दिली तर ६०. तिच्यासोबत लिथियम दिलं तर ३९. ह्यांचा आजार वेगळा, पण मुद्दा पोचला. ईसीटी माणसाला बाहेर ओढून काढते, बाहेर ठेवणं हे निराळं काम. नंतरच्या गोळ्या किंवा महिन्याकाठी एखादं सिटिंग, हे आधीच ठरवून घ्या.

दीडशहाणी
सांजवेळ यांना +१. आणि अर्धविराम, दोन प्रश्न जरूर विचारा: करंट देणाऱ्या पट्ट्या कुठे लावणार, आणि करंट कोणत्या प्रकारचा. दोन्ही कानशिलांवर लावल्या तर गुण लवकर येतो, पण विसरणं जास्त. फक्त उजव्या बाजूला, आणि अल्ट्राब्रीफ म्हणजे अगदी तुटक स्पंदनांचा करंट असेल, तर विसरणं बरंच कमी, पण सिटिंग एखाद-दोन जास्त लागू शकतात. एकूण साधारण ६ ते १२ धरून चाला.

अर्धविराम
चार दिवसांनी येतेय. विचारलं. खाणंपिणं बंद असल्यानं वेळ दवडायचा नाही, तरी उजव्या बाजूनं सुरू करू, तीन-चारनंतर फरक दिसला नाही तर बदलू, असं म्हणाले. आतडं कुजल्यासारखे भ्रम असलेलं डिप्रेशन आणि वय जास्त, यांत उलट गुण चांगला येतो, हेही म्हणाले.

बाबांना भूलवाले काकांचा प्रतिसाद वाचून दाखवला (डुकरं वगळून). ते पावलापाशी थांबले. म्हणाले, "मला ते पाऊल बघू देतील का?" नाही देणार बहुधा. पण सहीला तयार झाले.

आणि आईशी बोलले. मावशी तीन दिवस माझ्याशी बोलत नाहीये, असो. आईला सगळं सांगितलं: भूल, आकडी, डोकेदुखी, विसरणं. ती भिंतीकडे बघत होती. "कुजलेल्या आतड्याला वीज काय करणार?" म्हणाली. मला वाटलं, गेलं सगळं पाण्यात. रात्री पाणी द्यायला गेले तर म्हणाली, "मी हो म्हटलं, हे तरी माझ्या लक्षात राहील का?"

याचं उत्तर डॉक्टरांकडे नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. कुणाकडे आहे?

खिडकीपाशी
कदाचित नाही राहणार. तसंच सांगा, खोटं सांगू नका.

एक वही करा. आजच. त्यांच्या हस्ताक्षरात, दोन ओळी का होईना: कुणी विचारलं, काय सांगितलं, त्या काय म्हणाल्या. तारीख घाला. मग रोज एक ओळ, कोण आलं, काय बोलणं झालं. त्या लिहिणार नाहीत तेव्हा तुम्ही लिहा, पण खाली कुणी लिहिलं ते टाका. माझ्याकडे ही वही असती तर आठवणी परत आल्या नसत्या, पण फसवलं असं वाटलं नसतं. आणि बँकेचे, पासवर्डचे, महत्त्वाचे निर्णय त्या काळात नकोत.

निवृत्त_भूलवाला
वहीचं मला एवढ्या वर्षांत सुचलं नाही. आम्ही सहीचा कागद फायलीत ठेवतो. रुग्णाकडे काय उरतं, हा विचार केला नव्हता.

शिवाय लक्षात ठेवा, सही म्हणजे सौदा नाही. तिसऱ्या सिटिंगनंतर त्या "आता नको" म्हणाल्या तर थांबून पुन्हा बोलायचं.

पुराव्यानिशी
या धाग्यावर पहिल्यांदाच भूलवाल्यांशी सहमत.

मधली_सुट्टी
स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे.

शेवटचा_बाक
अवांतर वाटेल, पण सांगतो. काकूंना फोन केला. इतक्या वर्षांत हा विषय आम्ही कधी काढला नव्हता. त्या म्हणाल्या, काका शॉकच्या आधी वर्षभर बोलतच नव्हते, नंतर निदान जेवायला मागू लागले. मला हे ठाऊकच नव्हतं, मी तर दाराबाहेर होतो. पण त्या असंही म्हणाल्या, "त्यांना धरलं त्यात माझाही हात होता." आणि गप्प झाल्या.

माझं मत फार बदललेलं नाही. काकांना कुणी विचारलं नव्हतं, एवढं आता नक्की कळलं.

अर्धविराम
पाचवं सिटिंग काल झालं. चांगलंवाईट दोन्ही सांगते.

पहिल्या दोन वेळी काहीच फरक नाही. भाऊ म्हणाला, करंट वाढवा. तिसऱ्यानंतर तासभर ती मला मावशी समजत होती, मी बाहेर जाऊन रडून आले. चौथ्यानंतर अर्धी वाटी जेवली आणि मीठ कमी आहे म्हणाली. आतड्याचा विषय दोन दिवस नाही. बाबा रोज येतात, पण ती रोज विचारते, "हे आलेच नाहीत का?" बाबा वहीत स्वतःच्या नावापुढे वेळ घालून सही करतात, ऑफिसच्या हजेरीसारखी.

आज दुपारी तिनं वही मागितली. पहिलं पान वाचलं. तिचंच अक्षर: "मला सगळ सांगितल. मी हो म्हणाले." आणि तारीख. आठवतं का म्हणून विचारलं. "नाही," म्हणाली. बराच वेळ पान बघत राहिली. मग पेन मागितलं आणि "सगळ"वर आणि "सांगितल"वर टिंब दिलं.

पुढचं सिटिंग परवा.